दोन्ही पायांची सवय

मकुंबासाहेबांनी शोरूममधून कोरी गाडी घेतली, तेव्हा अख्ख्या लिंबे गावात बोभाटा झाला. परदेशात दहा वर्षं पळून बोटीतून आलेल्या गाड्या सगळेच घेत. कोरी घेणारे सिमेंटचे व्यापारी मकुंबा त्या गल्लीत पहिलेच. सीटवरचं प्लास्टिक काढायला त्यांनी सक्त मनाई केली होती.

पहिल्या आठवड्यात गाडी थांबली की जळका वास यायचा. साहेब घाबरले. बावीस वर्षं त्यांच्याकडे ड्रायव्हर असलेला फायसन मात्र हसला.

"काही नाही साहेब. सायलेन्सरला कंपनीनं फासलेलं तेल जळतंय. नवं मडकं चुलीवर ठेवलं की चार दिवस वास मारतंच."

आणि खरंच, पंधरवड्यात वास गेला.

साहेबांची बायको, एस्नात, घरी शाळेचे गणवेश शिवायची. एकदा जेवताना तिनं विचारलं, "मी शिकू का गाडी?" साहेब मक्याच्या न्सिमाचा घास हातात धरून हसत सुटले. "तुझे पाय मशीनखालीच बरे!" हे तिनंच फायसनला सांगितलं, कापड आणायला जाताना, खिडकीबाहेर बघत. मग म्हणाली, "तू शिकवशील? त्यांना नको सांगूस."

दर गुरुवारी तंबाखूच्या गोदामामागच्या मोकळ्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. गाडी बिनक्लचची, पायाशी दोनच पट्ट्या, एक वेगाची, एक ब्रेकची. एस्नात बसायची ती उजवा पाय एकीवर, डावा दुसरीवर. गाडी धड पळेना, धड थांबेना, आणि पुढच्या चाकांतून केस जळल्यासारखा वास यायचा.

"माई, डावा पाय मागे घ्या! ही मशीन एका पायाची."

"वीस वर्षं शिवतेय रे. दोन्ही पाय हलले नाहीत तर काम थांबलंय असंच वाटतं मला." आणि ती पोट धरून हसायची. "रागावू नका हं, मास्तर."

मास्तर! फायसनला जन्मात कुणी मास्तर म्हटलं नव्हतं. ब्रेकची वाट लागतेय हे त्याला कळत होतं. शिकवणी तेव्हाच थांबवायला हवी होती. त्यानं थांबवली नाही.

एका सोमवारी साहेबांनी नाक वर केलं. "परत कसला वास?"

"तेच तेल असेल, साहेब." बावीस वर्षांत फायसन त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलला.

साहेबांनी गाडी शोरूमला नेली. तिथल्या मेकॅनिकनं चाकं उतरवली. पॅड झिजून पत्रा उघडा पडला होता, डिस्क तापून निळ्या झाल्या होत्या. "कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवून गाडी हाकलीय," तो म्हणाला. "हे वॉरंटीत बसत नाही."

अंगणात साहेबांनी फायसनला उभं केलं. दुकानातले हमाल बघत होते, कुंपणापलीकडे शेजारीही थबकले होते.

"पिऊन चालवतोस का रे माझी गाडी?"

फायसननं उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्यानं व्हरांड्याकडे पाहिलं. एस्नात गळ्यात टेप अडकवून उभी होती. आता बोलेल, त्याला वाटलं.

साहेबही तिच्याकडे वळले. "तू बसतेस ना याच्याबरोबर? कसा चालवतो हा?"

टेपचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मला काय कळतंय गाड्यांतलं?"

फायसन भानावर येईपर्यंत साहेबांनी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली होती.

"तोंडात काय गोळा होता तुझ्या?" घरी बायको, डोरिका, कडाडली.

"वाटलं, ती बोलेल."

"ती का बोलेल? तिला त्याच घरात झोपायचंय. तुला तर तिथून निघायचंच होतं, खरं सांगून निघायचंस."

लिंबे गाव लहान. 'फायसन ब्रेक जाळतो' हे त्याच्या आधीच सगळीकडे पोचायचं. चार ठिकाणी नकार मिळाल्यावर तो मकुंबांच्या फाटकाशी गेला, साहेब दुकानात असतानाची वेळ बघून. एस्नात बाहेर आली, पण फाटक तिनं उघडलं नाही.

"एक ओळ लिहून द्या, माई. गाडी नीट चालवतो, एवढंच."

"ते सही करणार नाहीत."

"तुम्ही करा."

"माझ्या सहीला कोण विचारतं, फायसन?" तिचे डोळे भरून आले होते. ते बघून त्याला कीव आली नाही, चीड आली. फाटकाच्या गजावरचा हात त्यानं काढून घेतला.

तो बाजारात हातगाडी ओढायला लागला. ऑगस्टमध्ये मकुंबांच्या दुकानातला एक हमाल भेटला. बाईंना लायसन्स मिळालं, तो सांगत होता. आधी बाईंचे भाऊ येऊन साहेबांशी बोलले, मग साहेब राजी झाले, आणि आता तर त्यांनीच बकरा कापून अख्ख्या गल्लीला जेवण घातलं.

"साहेब सगळ्यांना सांगत होते, बायको उपजत हुशार निघाली, कुणी शिकवायची गरजच पडली नाही."

"आणि बाई?"

"बाई वाढत होत्या."

फायसननं हातगाडीवरची पोती दोरीनं आवळली. चढ मोठा होता, आणि मागून ढकलायला कुणी नव्हतं.