बिनमुदतीचं गाऱ्हाणं

ह्या गोष्टीतलं जे तुम्हाला थाप वाटेल ते घडलेलं आहे. जे सहज पटेल ते मात्र मी मधे मधे भरलेलं. इब्रामपुरात मला फटिंग, म्हणजे थापाड्या म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि मी ओ देतो.

तर देवकीची सून सुविधा. देवकी माझी शेजारीण, माझा मित्र कृष्णनाथ ह्याची बायको. कृष्णनाथ दोन वर्षांमागं गेला तेव्हा त्यांचा मुलगा साईश कुठल्याशा समुद्रात होता, टुरिस्टांना फिरवणाऱ्या मोठ्या बोटीच्या किचनात. तिरडी दारात किती वेळ थांबवणार? अग्नी पुतण्यानं दिला. देवकी त्यावर एक शब्द बोलली नाही, आणि देवकी बोलत नाही तेव्हा माणसानं जरा जपून राहावं.

सुविधा पहिलटकरीण. माहेर मांद्रेला, पहिलं बाळंतपण तिकडंच व्हायचं, पण मांद्रेला सीझन चालू. तिच्या आईनं सगळ्या खोल्या पाहुण्यांना दिलेल्या. सुविधाच्या खोलीत एक रशियन जोडपं योगासनं करत होतं. म्हणून ती सासरीच राहिली. न्यायला-आणायला माझी जुनी ओमनी.

नववा लागून बरेच दिवस झाले तरी पोट उतरेना. शेजारच्या बायका येत, सुविधाला उभी करून बाजूनं बघत, जशी पावसाआधी घराची कौलं बघतात.

"गे देवकी, हिचां पोट अजून गळ्याकडेच गे!"

"उतारतला. तुमका कसली घाई?" देवकी म्हणायची आणि आत जायची.

सुविधाला दोन घासांवर तिसरा जाईना. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून ती जनेलाजवळ, म्हणजे खिडकीशी, कदेलात, म्हणजे खुर्चीत, बसूनच झोपायची.

पेडण्याला डॉक्टरीणबाई वर्षा. नेटकी बाई, समजावून सांगणारी. मलाही आत बोलावलं. "पहिल्या खेपेला बाळाचं डोकं बहुतेक कळांच्या आधी दोन-चार आठवडे खाली उतरतं, कमरेच्या हाडांच्या कड्यात बसतं. मग आईला श्वास मोकळा मिळतो, जेवण जातं, आणि खाली दाब आल्यामुळं सारखं लघवीला पळावं लागतं. डोकं किती वर राहिलंय ते आम्ही पोटावर बोटं ठेवून मोजतो. हिचं पाचही बोटं वर आहे. म्हणजे अजून काहीच बसलेलं नाही."

"वाईट असा?" देवकीनं विचारलं.

"तसंच काही नाही. सोनोग्राफी चांगली आहे, वार वर आहे, पाणी हवं तेवढं आहे. काहींचं डोकं कळा लागल्यावरच उतरतं. थांबू या. पण एक लक्षात ठेवा. डोकं असं वर तरंगत असताना पाणी गेलं, तर कधी कधी नाळ आधी खाली घसरते, आणि मग बाळाच्या जिवाला वेळ उरत नाही. पाणी गेलं की हिला चालवायचं नाही. आडवी करायची आणि थेट म्हापसा." हे शेवटचं माझ्याकडं बघून, कारण गाडी माझी. मी मनात इब्रामपूर ते म्हापसा रस्त्याची वळणं मोजायला घेतली.

परत येताना सुविधा पुढं बसलेली. हळूच म्हणाली, "काका, डॉक्टरीणबाई मला तपासताना मधेच थांबल्या. हात वर उचलला आणि आपली बोटं बघत राहिल्या. मग आईंना विचारलं, तुम्ही हात लावलात का म्हणून. आई तर लांब उभ्या होत्या."

"मग?"

"मग काही नाही. पुन्हा हात धुवून आल्या. पण मला ठाऊक आहे त्यांना काय लागलं ते. मला रोज लागतं. डोक्याखाली कोणाचा तरी तळवा आहे, काका. पोर खाली सरकायला बघतं आणि तो त्याला परत वर घेतो. दुखवत नाही. अंडं धरावं तसं धरतो."

मी आरशात बघितलं तर मागच्या सीटवर देवकीचे ओठ हलत होते.

"सदाभावजी," ती म्हणाली, "हिका घराकडे सोडा, आणि माका शिवदासाकडे न्हेवा."

शिवदास आमच्या गावचा घाडी. राखणदाराला गाऱ्हाणं घालणारा, गावाचं मागणं त्याच्यापुढं मांडणारा तोच. राखणदार म्हणजे गाव राखणारा, वेशीवरचा देवचार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात चामड्याच्या वहाणा. गाव त्याला दर वर्षी नव्या वहाणा ठेवतो, कारण जुन्या झिजतात. झिजलेल्या मी बघितल्या आहेत. टाचेकडून झिजतात, माझ्यासारख्याच.

शिवदास अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होता. देवकीनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. "शिवदासा, मी राखणदाराक गाऱ्हाणां घातलंय. एकटीन जावन."

"तू? काय सांगलंस त्येका? सबंद सांग."

"सांगलंय, बा म्हाराजा, बापूस गेलो तेव्हा झील हय नव्हतो. आता पोर येतला, तेव्हा तरी असांदी. साईश वेशीच्या आत पाय घालीसर ह्या पोराक वर धर."

"आणि मुदत?"

"कसली मुदत?"

शिवदासाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. साईश येईपर्यंत ही काही मुदत नव्हे; गाऱ्हाण्याला ठरल्या दिवसाची मुदत घालावी लागते. येत्या पुनवेपर्यंत, शिमग्याच्या आत, अशी. त्या दिवशी देवाचा हात सुटतो, मग काम झालेलं असो वा नसो. पण देवकी जन्मभर घाड्याच्या मागं उभी राहून "व्हय म्हाराजा" म्हणत आलेली. पुढं उभं राहून काय काय म्हणायचं असतं, ते तिला कोण सांगणार?

"साईश म्हयन्यान येवचो होतो रे," देवकी म्हणाली. "आता त्येच्या जाग्यार दुसरो माणूस येवक नाय म्हणून बोटवाले सोडीत नाय. कधी सोडतले तां सांगीत नाय. आणि डॉक्टरीण म्हणता पाणी गेला तर पोर..."

"गाऱ्हाणां परत घेवक येणा नाय," शिवदास म्हणाला. "त्येचो हात भरलेलो असा, बाये. दुसरां कायतरी दिलां तर तां धरतलो आणि ह्यां सोडतलो. नारळ-रोट दिवया. बघूया घेता काय."

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन बरोबर डोक्यावर असताना, आम्ही वेशीवर गेलो. राखणदार दोनच वेळांना सापडतो, आणि दुसऱ्या वेळेला, मध्यरात्री, मला घरातून कोणी बाहेर काढून दाखवावं! काजूच्या बागेत बोंडू पडून कुजलेले, वासानं डोकं जड होत होतं. पाखरं तोवर ओरडत होती. शिवदासानं राखणदाराच्या पाषाणापुढं जाड भाकरीचा रोट, विडी, फेणी ठेवली, नारळ ठेवला, आणि पाखरं थांबली.

"बा म्हाराजा, ह्या लेकरान जाणत्या-अजाणत्यान शब्द घातलो, तो शब्द सोडव, आणि ह्यो नारळ धर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. म्हणणारे आम्ही दोघं होतो, मी आणि देवकी. ऐकू आले तिघं.

मी मागं बघितलं नाही. माझ्या वयाचं कोणी बघत नाही.

नारळ पाषाणावरून घरंगळला आणि माझ्या पायाशी येऊन थांबला. शिवदासानं परत ठेवला, तो परत आला. रोटाला एक मुंगी लागेना. शिवदास घाम पुसत पुन्हा सुरुवात करणार, तोच देवकी त्याला बाजूला करून पुढं झाली.

"माजां धर! पोराच्या जाग्यार माजां काय आसात तां धर. साईश येयसर धर, पण तेका सोड!"

"मुदत!" शिवदास ओरडला. "देवकी, मुदत घाल गे!"

पण शब्द गेला होता. माझ्या आणि शिवदासाच्या मधून घोंगडीचा आणि विडीचा वास गेला, वहाणा कर्र कर्र वाजत गावाच्या दिशेनं गेल्या, आणि थोड्या वेळानं तशाच परत आल्या. देवकीनं एकदम बरगड्यांखाली हात दाबला आणि तोंड उघडं टाकून श्वास ओढला, अगदी सुविधा ओढायची तसा.

घरी आलो तर सुविधा दारात. पोट गाऊनच्या वरच्या बटणावरून खालच्या बटणावर आलेलं, पाय फाकवून बदकासारखी चालत होती आणि हसत होती. "काका, उतरलं! मघाशी त्यानं सोडलं. जपून सोडलं. पेजेचं दुसरं भांडं संपवलं मी," एवढं बोलली आणि न्हाणीघराकडं पळाली.

डॉक्टरीणबाईंनी बोटं ठेवली. "दोनच वर. बसलं की डोकं!" म्हणाल्या, आणि ह्या खेपेला आपल्या हाताकडं बघितलं नाही. कळा आल्या, आम्ही म्हापशाला गेलो, मुलगी झाली, आमच्या भाषेत चेडू. सुखरूप. इस्पितळाचं छप्पर उडवणारा गळा.

आता जनेलाजवळच्या कदेलात देवकी झोपू लागली. बसूनच. दोन घासांवर तिसरा नाही. पोट सपाट, पण हात सदा बरगड्यांखाली. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं, फोटो काढले, आत काही नव्हतं.

"सुनेचां बघून सासूक डोहाळे लागले गे!" बायका म्हणायच्या.

"लागले तर लागले. तू चिंचा घेवन ये," देवकी म्हणायची. बोलताना धापा टाकायची.

सुविधानं एकदा तिथं तळहात ठेवून बघितला आणि लगेच काढून घेतला. त्या दिवसापासून सासूचे पाय चेपायला लागली.

शिमगा झाला, काजूच्या भट्ट्या विझल्या, आणि एका सकाळी साईशचा फोन. मोपाच्या विमानतळावर उतरलोय, टॅक्सीत बसतोय. मी मुलगी बघायला म्हणून तिथंच होतो.

"आता सुटाल, आई," सुविधा म्हणाली.

देवकीचा चेहरा उतरला. "गे बाये, तू पहिलटकरीण होतंस. तुजां आधी उतारला आणि कळा मागसून इल्यो. साईशच्या आधी माका दोन चेडवां झाली. पहिलां सोडलां तर दोनय वेळा डोक्यां उतारला तां कळांवांगडाच, एकाच वेळार. आता ह्यां उतारतला, तां थेट."

"पण काय उतरणार, आई?"

"तां माका काय ठाऊक? माजां काय आसात तां, म्हणून सांगलंय."

वेशीकडून टॅक्सीचा हॉर्न वाजला. देवकीनं दाराची चौकट धरली आणि खाली बसली. सुविधानं मुलगी माझ्या हातात दिली, सासूला चटईवर घेतलं. "तोंडानं श्वास घ्या. आई, माझ्याकडं बघा. हात धरा माझा." मी पुरुषासारखा पुरुष, भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. मागं देवकी कण्हत होती, दात आवळून. मग एकदम थांबली. रडणं नाही, काही नाही. मुलगीसुद्धा माझ्या हातात गप्प, डोळे मोठे करून माझ्या खांद्यावरून बघत होती.

मागच्या दाराची कडी आपोआप सरकली. परसातला कुत्रा उठून बाजूला झाला, शेपूट हलवत, ओळखीच्या माणसाला वाट द्यावी तसा. सुक्या पानांतून वहाणा वाजत गेल्या, कर्र कर्र. आणि त्यांच्या बाजूनं आणखी दोन पावलं. अनवाणी, लहान, धावत धावत बरोबरी करणारी.

मी वळलो. चटई कोरडी. देवकी उताणी पडलेली, पोटभर श्वास घेत, आणि डोळ्यांतून पाणी कानांत जात होतं. सुविधानं तिचा हात सोडला नव्हता.

पुढच्या दारात बॅग आपटली. साईश बापासारखाच दिसू लागला होता. "आई, परसातून कोण गेलो? कोणाच्या तरी पोराचो हात धरून?"

देवकी उठून बसली. पदरानं तोंड पुसलं, मागच्या दाराकडं एकदाच बघितलं.

"कोण नाय," ती म्हणाली. "पाय धू, आणि तुज्या चेडवाक घे."