न दिसणारी, न उकळणारी

मी एक जुनी समुद्री पेशी आहे; एका पेशीचाच माझा सगळा देह. चिलीच्या दक्षिणेला, चिलोए बेटांच्या खाडीत, कित्येक हिवाळे मी चिखलात निजून काढले. मग पाणी कोमट झालं आणि मी कवच फोडून वर आले.

मित्रांनो, मी धड वनस्पती नाही, धड प्राणीही नाही. उन्हावर स्वतःचं अन्न तयार करते आणि दोन शेपट्यांनी पोहते. एक कमरेच्या खाचेत फिरते, दुसरी मागे वळवळते. अंगावर चिलखतासारख्या तबकड्या असतात. त्यांची मांडणी पाहून शास्त्रज्ञ आमची जात ठरवतात. एकीच्या दोन, दोघींच्या चार होत आम्ही माळेने पोहू लागलो. शिंपल्यांनी आम्हाला पोटभर गिळलं. त्यांना काही झालं नाही. आमचं विष मात्र त्यांच्या मांसात साठत गेलं.

आरोग्य खात्याच्या यास्नाबाईंनी बाटलीभर पाणी नेलं, सूक्ष्मदर्शकाखाली आम्हाला पाहिलं आणि शिंपले काढायला बंदी घातली. आमची अशी गर्दी झाली की माणसं तिला 'लाल भरती' म्हणतात.

"लाल भरती आली म्हणता, पण पाणी तर निळंशार आहे, बाई!" खाडीवरचा कोळी एरार्दो चिग्वाय हसला.

"लाल दिसायलाच हवं असं नाही. आणि उकळून, लिंबू पिळूनही हे विष जात नाही."

"माझी आई उकळूनच घालायची. बघा, कसा घोडा झालोय!"

त्याच दुपारी त्याने पातेलंभर शिंपले उकडून खाल्ले. बायको लुदोविना पानावर बसणार, तोच तो म्हणाला, "लुदो, ओठांना मुंग्या येतायत गं." मग बोटं बधिर झाली, जीभ लुळी पडली. धाकट्या भावाने, ओनोफ्रेने, होडी काढली. दवाखाना दीड तासावर होता. अर्ध्या वाटेत एरार्दोचा श्वास थांबला.

लुदोविना त्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास भरू लागली. होडीखालच्या पाण्यात मी होते.

"वहिनी, सोड आता. गेला दादा."

"तू होडी बघ!" ती ओरडली आणि पुन्हा वाकली.

दवाखान्यात तीन दिवस यंत्राने त्याचा श्वास चालवला. महिन्याभराने एरार्दो धक्क्यावर आला आणि जाळं आवरणाऱ्या ओनोफ्रेशेजारी बसला.

"तू 'सोड' म्हणालास ना, ते ऐकलं मी," तो हळूच म्हणाला. "पापणी हलत नव्हती रे. पण ऐकू सगळं येत होतं."

ओनोफ्रेला मान वर करवेना.

मित्रांनो, बंदी असेल तेव्हा शिंपल्यांना हात लावू नका. तरीही कुणी माझ्या तावडीत सापडलाच, तर दवाखाना येईपर्यंत त्याच्या छातीत श्वास भरत राहा. मी श्वास बंद करते; कान नाही.