बाबांच्या उंचीचं माप

राग माझ्या नाकावर असतो असं घरचे म्हणतात. साफ खोटं. राग माझ्या वर्कशॉपमध्ये असतो, पत्रा कापायच्या मशीनशेजारी. मी आत पाऊल टाकायच्या आधीच तो तिथे हजर असतो.

अठरा महिने मी दिवसा गिऱ्हाइकांची कपाटं केली आणि संध्याकाळी बाबांच्या इंजिनाचं मॉडेल. डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनं नवीन आली तेव्हाचं ते इंजिन, कारखान्याच्या यार्डात डबे ओढायचं, आणि बाबा त्याचे फिटर. पुढे ते भंगारात गेलं, त्याचे नकाशे कोणीतरी दिवट्याने रद्दीत घातले. बाबाही गेले. उरला फक्त काडेपेटीएवढा एक फोटो. दादाने निगेटिव्ह शोधून स्टुडिओतून तो मोठा करून आणला. त्यात बाबा केबिनला टेकून उभे, नेमका नंबर पाठीने झाकून.

माप कुठून आणायचं? बाबांकडून. बाबा पाच फूट चार इंच. मॉडेल आठास एक, म्हणजे त्यात बाबा बरोबर आठ इंच. त्यांच्या टोपीपासून बुटापर्यंत मी पेन्सिलीने रेघ मारली आणि तिच्यावरून सगळं इंजिन मोजलं. पाच फूट लांब, पितळी पत्र्याचं. रिव्हेट एकेक करून मागून टोचून उठवल्या, दोन हजारांच्या वर. हँडब्रेकचं चाक तीनदा केलं, कारण दोनदा ते मला पटलं नाही.

रविवारी बाबांचे जुने सोबती बघायला येणार होते. मॉडेलवरचं कापड आई काढणार होती. त्या म्हाताऱ्यांपैकी एकानेही ‘हे आपलं नव्हे’ म्हणू नये, एवढंच मला हवं होतं.

शुक्रवारी दुपारीच भोंगाकाका टपकले. हे बाबांचे मदतनीस होते, नंतर त्याच इंजिनाचे ड्रायव्हर झाले, आणि विनाकारण भोंगा वाजवून नाव कमावून बसले. दादा त्यांना घेऊन आला होता. काकांनी इंजिनाला एक फेरी मारली. मग वाकले, केबिनमध्ये बघितलं, आणि त्यांचा डावा हात हवेत काहीतरी धरायला गेला. तिथे काही नव्हतं. सगळे दांडे उजवीकडे होते.

काकांनी दादाकडे बघितलं. दादाने छताकडे.

“काय झालं?” मी विचारलं.

“छान झालंय गं पोरी.”

“काका, काय झालं?”

“उलटं झालंय,” काका म्हणाले. “आरशात बघावं तसं. चाक तिकडे हवं, हवेची टाकी इकडे. निगेटिव्ह पालथी ठेवून छापली असणार स्टुडिओवाल्याने.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्टुडिओवाल्याला मी काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. मग दादाकडे वळले. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता.

“तुला माहीत होतं?”

“जुना फोटो माझ्या पाकिटात असतो ना,” तो पुटपुटला. “गेल्या वर्षी सहज शेजारी धरून बघितला.”

“गेल्या वर्षी! मी इथे डोळे फोडून घेतेय आणि तू वर्षभर मूग गिळून बसलास?”

“तुला सांगणार कोण? रंग जरा गडद वाटतो म्हटलं होतं, तर तू डबा भिंतीवर आपटलास. आई म्हणाली, राहू दे.”

“आईलाही माहीत आहे?”

“तिनेच तर आधी ओळखलं. हातावरून.”

हातावरून? मी भिंतीवरचा फोटो ओरबाडून काढला. बाबांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. माझी वेणी ते उरलेल्या तीन बोटांनी धरायचे. आणि फोटोत बोटं नसलेला हात उजवा होता. माझ्याच पेन्सिलीच्या रेघेला लागून, ढळढळीत. अठरा महिने मी रोज बाबांकडे बघत होते आणि मला फक्त पाच फूट चार इंच दिसत होते. इतका राग मला अजून कोणाचाच आलेला नाही.

काका स्टुलावर बसले. “बोटं इंजिनाच्या पंख्यात गेली ना त्याची,” ते म्हणाले. “पंखा चालू होता ते मला दिसलं होतं. पण आदल्याच दिवशी तो सगळ्यांसमोर खेकसला होता, मला शिकवू नकोस म्हणून. मग मी नाही बोललो. बोललो असतो तर एक शिवी पडली असती, एवढंच. आज येताना ह्याने मला गाडीत बजावलं, काका, काही बोलू नका. म्हणून बोललो.”

मी हातोडी उचलली. खरं सांगते, केबिनवर घालायलाच उचलली होती. पण मध्ये दादा उभा होता.

“अजून काय चुकलंय?” मी विचारलं.

“काही नाही. बाकी अगदी...”

“बोल!” मी ओरडले.

दादा एक पाऊल मागे सरकला. माझा थोरला भाऊ, केस पिकलेला माणूस, माझ्याहून वीतभर उंच. मी ओरडल्यावर तो असाच सरकत असणार, किती वर्षं कोण जाणे.

मी हातोडी खाली ठेवली. फोटो पालथा केला, पेन्सिल घेतली आणि पुन्हा विचारलं, जमेल तितक्या हळू. तो सांगू लागला: जिना, टाकी, दिव्याची वायर. मी लिहीत गेले.

पण ते एक पाऊल काही तो पुढे आला नाही.