बाराच्या उन्हाचा बेत

ताईने भर उन्हाळ्यातल्या आपल्या लग्नाला दुपारी बाराची वेळ ठरवली, तेव्हा आईला वाटलं हिचं डोकं फिरलं. मी मात्र पलंगावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. ती वेळ कोणासाठी आहे, हे ताईखालोखाल मलाच माहीत होतं.

"अगं, बाराला पाखरंसुद्धा झाडातून बाहेर पडत नाहीत," आई म्हणाली. "आणि तू माणसांना बागेत बोलावतेस?"

"पाहुण्यांवर छत आहे की."

"आणि तुमच्या दोघांवर?"

"आमच्यावर ऊनच हवं. फोटो छान येतात," ताई गोड आवाजात म्हणाली आणि माझ्याकडे बघत तिने चष्मा नाकावर वर सरकवला.

साफ खोटं! बाराचं ऊन म्हणजे फोटोवाल्याचं मरण. डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, नाकाची सावली मिशीसारखी ओठावर येते, आणि समोरच्याने चष्मा घातला असेल तर विचारूच नका. ही सगळी अक्कल आम्हाला फोकसनेच शिकवली होती.

फोकस म्हणजे आमच्या चौकातल्या फोटो स्टुडिओचा मालक. दोन वर्षांपूर्वी ताईचं त्याच्याशी लग्न ठरलं होतं. हॉल ठरला होता, कपडे शिवून आले होते, आणि एके सकाळी त्याचा मेसेज आला: "सगळे फोटो पुन्हा बघितले. तू फोटोत नीट येत नाहीस. माझ्या धंद्यात हे चालणार नाही. समजून घे." बस. एवढंच. ताईच्या चष्म्याचा नंबर मोठा आहे, काचा जाड आहेत आणि त्यांच्यामागे तिचे डोळे बारीक दिसतात. आम्हाला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. ती स्वतः चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत डोळे घालून बुबुळांमधलं अंतर मोजते. तिने मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला आणि त्यानंतर घरातल्या एकाही फोटोत ती उभी राहिली नाही. माझ्या वाढदिवसाच्या फोटोत केकची थाळी धरलेला तिचा नुसता हात आहे. मनगटापर्यंत.

तेव्हा मी त्याला काही बोलले नाही, कारण तेव्हा मी कोणालाच काही बोलत नसे. घरात माझं नाव 'म्यूट' होतं. मग यंदा शाळेच्या नाटकात सेनापती होणारी मुलगी ऐनवेळी तापाने फणफणली आणि बाईंनी मला पुढे ढकललं. माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की मागच्या रांगेत पेंगणारे पालक ताठ बसले! तेव्हापासून मी 'भोंगा'. आणि या भोंग्याच्या पोटात फोकससाठी दोन वर्षांचं साठवलेलं होतं.

नवरदेवाचं सांगायचं राहिलंच. होणारे भावजी फ्रिज दुरुस्त करतात. ताईच्या दुकानात चष्मा करायला आले आणि फ्रेम पसंत पडेना म्हणून परत परत येत राहिले. शेवटी घेतली ती पहिल्याच दिवशी बघितलेली. कसलीही घाई नाही, आवाज चढत नाही, म्हणून मी त्यांचं नाव 'गारवा' ठेवलं. त्यांना ते आवडलं. दुकानावर तीच पाटी लावतो म्हणाले.

तर बेत असा होता. लग्नाच्या फोटोंचं काम फोकसलाच द्यायचं. मी आणि ताई स्टुडिओत गेलो तेव्हा तो पासपोर्ट फोटो कापत होता. ताईला बघून कात्री थांबली.

"अभिनंदन," तो म्हणाला. "मनात काही ठेवलं नाहीस, बरं वाटलं. धंदा वेगळा, मन वेगळं."

"अगदी," ताई म्हणाली.

"फोटोपुरता चष्मा काढशील ना?"

"काढला तर नवरा कोणता ते कळायचं नाही. भलत्याच्याच शेजारी उभी राहीन. एकदा राहिले होते तशी."

मला इतकं हसू फुटलं की मी भिंतीवरच्या बाळांचे फोटो बघायचं सोंग केलं. फोकसने मात्र आगाऊ रक्कम गल्ल्यात टाकली.

त्यानंतरचे दिवस काय मजेत गेले! बाकीच्या नवऱ्या फुलं निवडतात, पडद्यांचे रंग निवडतात. आमची ताई वैर निवडत होती. आमच्या खोलीत कागद पसरून आम्ही एकेक वस्तू ठरवायचो. व्यासपीठाचं तोंड थेट सूर्याकडे. मागे पडदा चमकीचा, म्हणजे उजेड उलटून कॅमेऱ्यात. फोटोवाल्याला काळा सूट सक्तीचा, गळ्यापर्यंत बटणं. पंखे सगळे पाहुण्यांकडे वळवलेले. दुकानातून उसने आणलेले चष्मे घरच्या सगळ्यांच्या नाकावर, नंबर असो नसो.

"आणि आत्याला त्याच्या शेजारी बसवू," मी म्हटलं. "ती त्याला विचारत राहील, तुझं अजून कसं जमलं नाही रे?"

"भोंग्या, तू रत्न आहेस," ताई म्हणाली.

"आइस्क्रीम त्याच्यापर्यंत पोचता पोचता संपायचं."

"संपायचं नाही. वितळायचं. त्याच्या डोळ्यांदेखत."

ताई इतकी तेजस्वी मी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, लग्न ठरलेल्या मुली अशाच दिसतात.

लग्नाआधी दोघांचे थोडे फोटो काढून बघायचे असतात म्हणून एका रविवारी आम्ही तळ्याकाठी गेलो. फोकस गुडघ्यावर बसला, पोटावर पडला, घामाने निथळला. ताई ताठ उभी. चष्मा घातलेला, हनुवटी वर. "जरा हस," तो म्हणायचा, आणि ती असं हसायची की मी असते तर कॅमेरा टाकून पळाले असते.

दोन दिवसांनी फोटो आले. आमच्या जेवणाच्या टेबलावर मी, ताई आणि गारवा भावजी एकेक बघत बसलो. आणि खरं सांगते, फोटो भन्नाट होते! चष्मा चमकत होता, पण त्यामागे ताईचे डोळे नुसते पेटलेले.

"बघ, म्हणे नीट येत नाही!" मी टेबल बडवलं. "हे मोठे करून त्याच्याच स्टुडिओच्या दारात लावू या!"

भावजींनी सगळे फोटो बघितले. मग पहिल्यापासून पुन्हा बघितले. फ्रिज कुठून गळतो ते शोधतात तसे, सावकाश.

"सुंदर दिसतेस," ते म्हणाले. "एक विचारू?"

"विचार की."

"एकाही फोटोत तू माझ्याकडे बघत नाहीयेस."

"अरे, फोटोत कॅमेऱ्याकडेच बघतात."

"या फोटोत मी तुला फूल देतोय. यात तुझ्या पायातला काटा काढतोय. तरी तू त्याच्याकडेच बघतेयस." त्यांनी फोटोंची चळत नीट जुळवून टेबलावर ठेवली. "दिवसभर लोकांची नजर मोजतेस ना तू? मग हीपण मोज. हे लग्न नेमकं कोणाला दाखवायचंय, ते ठरव. मग मला सांग."

"म्हणजे? लग्न मोडतोयस तू?" ताईचा आवाज चिरकला.

"मी कुठे मोडतोय. मी फक्त या फोटोंमध्ये कुठे आहे ते शोधतोय." आणि ते उठले. "एका बेकरीचा फ्रिज बंद पडलाय, जातो."

जेवायला थांबायचं ठरलं होतं. त्यांचं ताट तसंच राहिलं. आईने विचारलं तर ताई म्हणाली, काम निघालं. मी त्यांच्यावर भयंकर चिडले. आमचा इतका देखणा सूड, आणि ह्यांना काट्याचं पडलंय! पण ताई फोटो समोर घेऊन बसली, खिशातली मोजपट्टी काढली आणि खरंच एकेका फोटोवर धरून बघत राहिली. शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय तिचे डोळे केवढे मोठे आहेत, आणि केवढे दमलेले.

"भोंग्या," ती म्हणाली, "बाराच्या उन्हात तोसुद्धा उभा राहणार होता गं. माझ्या शेजारी. हे माझ्या लक्षातच आलं नाही."

माझ्याही आलं नव्हतं. एवढं सगळं ठरवलं, पंख्याची पातीसुद्धा कुठे वळवायची ते ठरवलं, आणि नवरदेव कुठे उभा असेल हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात नव्हतं!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ताई मला घेऊन त्यांच्या दुकानात गेली. आत रांगेने उघडे पडलेले फ्रिज, जमिनीवर तांब्याच्या नळ्या. भावजी एका भल्यामोठ्या आइस्क्रीमच्या पेटीत कमरेपर्यंत घुसलेले.

"पाच," ताई म्हणाली.

"काय पाच?" पेटीतून आवाज आला.

"लग्न. संध्याकाळी पाच. मोठ्या झाडाखाली. चमकीचा पडदा रद्द."

भावजी बाहेर आले. केसांवर बर्फाचा भुगा. "आणि काळा सूट?"

ताईने माझ्याकडे डोळे वटारले. मी काय करू? मी आत्याला सांगितलं होतं, आणि आत्याला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं!

"सूट राहू दे," ताई म्हणाली. "तेवढा राहू दे ना."

"त्याला नकोच म्हण. सरळ काम काढून घे."

"इतकं मोठं मन नाही रे माझं. अजून नाही." ती पेटीच्या कडेला टेकली. "तो येईल. ठरलंय तसा शेवटपर्यंत राबेल. पण माझ्यावर कॅमेरा रोखायचा नाही. एकदाही नाही. मला नाही बघायचं त्याच्याकडे, आणि त्यानेही माझ्याकडे बघायचं नाही."

भावजींनी हात पुसले. "ही पेटी दुरुस्त झालीय," ते म्हणाले. "लग्नात आणतो. आइस्क्रीम वितळायला नको."

"सगळ्यांचं?" मी विचारलं.

"त्याचंसुद्धा, भोंगाबाई."

इथे मला थोडं नमतं घ्यावं लागलं.

पण लग्नाच्या दिवशी बागेच्या फाटकावर फोकसला अडवायचं काम माझं होतं आणि त्यात मी जराही कसर सोडली नाही. तो काळ्या सूटमध्ये, गळ्यापर्यंत बटणं लावून, कॅमेऱ्याचं ओझं सावरत आला. मी सेनापतीसारखी उभी.

"तुम्ही खुर्च्यांचे फोटो काढायचे," मी म्हटलं. माझा आवाज झाडापर्यंत गेला. "पंख्यांचे. पेल्यांचे. चपलांचे. झोपलेल्या पाहुण्यांचे. नवरीचा आणि नवरदेवाचा एकही नाही."

"हा काय पोरखेळ आहे? नवरीचा फोटो नाही म्हणजे?"

"ती फोटोत नीट येत नाही ना? समजून घ्या."

त्याने कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवला आणि तो खुर्च्यांकडे वळला. मी तो क्षण जन्मभर पुरवून पुरवून खाणार आहे!

आणि मग तो राबला. खरंच राबला. ताई-भावजींनी सह्या केल्या, सगळे टाळ्या वाजवत पुढे धावले, ज्याच्या त्याच्या हातात फोन. तो मात्र खुर्चीच्या पायाकडे कॅमेरा लावून वाकलेला. आजोबा त्याला म्हणाले, "अहो, इकडे काढा, नवरी इकडे आहे!" तर तो म्हणाला, "मला परवानगी नाही." हे त्याला किती जणांना सांगावं लागलं! आत्याने तर दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा कारणही सांगायला लावलं. ताईने एकदाही तिकडे बघितलं नाही. मीच तिच्या वाटचं बघत होते, पोटभर.

पंधरा दिवसांनी अल्बम आला. पानंच्या पानं खुर्च्या, पेले, आजोबांचं उघडं तोंड. भावजी हसून हसून लोळले. शेवटच्या पानावर एक मोठा फोटो होता. आइस्क्रीमच्या पेटीचा. पेटीचं स्टीलचं दार लखलखीत, आणि त्या दारात ताईचं प्रतिबिंब. नाकाला आइस्क्रीम लागलेलं, चष्म्यावर झाडाची पानं उतरलेली, आणि ती हसत हसत भावजींकडे बघतेय. भावजींचा फक्त चमचा धरलेला हात आलाय. मागे लिहिलं होतं, "हा माझ्याकडून भेट. तेव्हा चुकलो."

तो ताईचा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो होता. मला त्याचाच राग आला.

ताईने फोटो उजेडात धरला, जवळ नेला, चष्मा वर सरकवला. "हा कोण?" तिने विचारलं.

दाराच्या कोपऱ्यात, ताईच्या खांद्याच्या बरंच मागे, एक काळा ठिपका होता. काळा सूट, वाकलेली पाठ, तोंडावर कॅमेरा.

"फोटो ठेवून घेऊ," ताई म्हणाली. "भोंग्या, स्टुडिओत जा. म्हणावं, फोटो आवडला. फक्त कोपऱ्यातला हा माणूस नीट आलेला नाही. तेवढा कापून दे."

मी धावतच गेले. निरोप शब्दन् शब्द दिला, न अडखळता. फोकसने माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, मग खणातून पट्टी आणि पातं काढलं. पट्टी फोटोतल्या स्वतःच्या पाठीला लावून त्याने पातं ओढलं. कर्रर्र. काळी चिंधी टेबलाखाली पडली.

"झालं?" तो म्हणाला.

मी फोटो हातात घेतला. दोन्ही हातांनी, ताईसारखा उजेडात धरला. सावकाश बघितला.

"अजून थोडा," मी म्हटलं. "तुमचं कोपर दिसतंय."