भिमाजीच्या पोटातली कत्तल

नाक मुरडू नका, मित्रांनो! मी एक जुना जंतू आहे, सायखेड्याच्या भिमाजीच्या आतड्यातला. एकाचे दोन, दोनाचे चार होत आलो, म्हणून त्याच्या तान्हेपणापासूनचं सगळं मला आठवतं. भिमाजी कोबी पिकवायचा, भाकरी हाणायचा. उरलंसुरलं आम्ही फोडून त्याच्या अंगी लावायचो. शाबासकी कधी मिळाली नाही. पोट गुरगुरलं की शिव्या मात्र आम्हालाच.

अठ्ठ्याण्णव साली आतड्यात एक गाठ उगवली. दरोडेखोरच ती! भिंत फोडून घुसली, रक्त काढलं, आमच्या वस्त्या चिरडल्या. तिच्या आडोशाला आमच्यातलेच गुंड माजले. आतडं सुजलं, अन्न अंगी लागेना.

"आवो, तूप खाता, मटण खाता, जातं कुठं समदं?" त्याची बायको सिंधुबाई ओरडली. "आन् रक्त पडतंय, ते दाखवा की डॉक्टरला!"

"मूळव्याध हाय, गप! कोबीला डबल औषध मारलं का आळी खलास. पोटाचंबी तसंच."

आणि या शहाण्याने मेडिकलमधून जंतू मारायच्या कॅप्सूल आणून मूठभर गिळल्या! माझ्या डोळ्यांदेखत (डोळे नाहीत, पण धरून चाला) माझे भाऊबंद फटाफट फुटले. प्रेतांचे ढीग जुलाबात वाहून गेले. गाठीवर ओरखडाही नाही.

सिंधुबाईने त्याला जीपमध्ये कोंबून नाशिकला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कर्करोगाची गाठ आहे, काढावी लागेल. पण या सापळ्यावर सुरी कशी चालवू? आधी अंगात ताकद येऊ दे."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेवढंच सिंधुबाई घोटघोट पेज, मऊ वरणभात भरवत राहिली. आम्ही वाचलेले गुंडांना तुडवत पुन्हा वाढलो. वजन चढलं. मग सुरी आली! गाठीसकट वीतभर आतडं छाटलं, त्यात माझे सोयरेही गेले. दोन टोकं शिवली. पण आतडं ढिम्म! पोट नगारा, पाणीसुद्धा बंद.

"वारा सरला का?" डॉक्टरीणबाई सकाळ-संध्याकाळ विचारायच्या. सिंधुबाई नकाराची मान हलवायची. वारा सरला तरच आतडं जिवंत, नाहीतर पुन्हा पोट फाडणं आलं, आणि ते भिमाजीला सोसणारं नव्हतं.

मी उरल्यासुरल्यांना हाक घातली. वायू भरला. दिला धक्का!

अख्खा वॉर्ड दणाणला.

"पादले! बाई, आमचे मालक पादले!" सिंधुबाई रडत-हसत दारापर्यंत धावली.

"द्या आता चमचाभर पाणी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मित्रांनो, रक्त दिसलं तर लपवू नका, मनाने कॅप्सूल गिळू नका. आणि पोटातून आवाज आला तर खुशाल हसा, पण शिव्या देऊ नका. आत कुणीतरी राबतंय.