कान: दिसले नाहीत

"जे सांगितलं नाही, ते काढायचं नाही. जागा कोरी सोडायची. कोरी जागा कुणाचं वाईट करत नाही."

हा आवाज अण्णांचा, तिच्या वडिलांचा. अण्णा जन्मभर लोकांच्या सांगण्यावरून चेहरे काढत आले. कुणाचे आजोबा, कुणाची एकही फोटो मागे न ठेवता गेलेली आई. तीच विद्या घेऊन ती पोलिसांकडे नोकरीला लागली. साक्षीदारानं सांगायचं, तिनं काढायचं. अकरा वर्षं तिनं अण्णांची शिस्त पाळली होती. पेन्सिल टेकवण्याआधी कोऱ्या कागदाला नमस्कार, मग वहीच्या डाव्या पानावर साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे आणि उजव्या पानावर चेहरा.

एकदाच मोडली ती शिस्त. एका कानापुरती.

आज प्रदर्शनात प्रत्येक चित्रकारानं आपल्या चित्रापुढे उभं राहून चार शब्द बोलायचे होते. तिची पाळी आली तेव्हा घड्याळात साडेबारा वाजले होते. दोन वाजता, चार रस्ते सोडून असलेल्या कोर्टात, तिच्या चित्रांना चौकटी करणाऱ्या चौकटदादाचा खटला उभा राहणार होता. पुढच्या रांगेत प्रमुख पाहुणे म्हणून साहेब बसले होते. तेच तिचे वरिष्ठ. अगदी मागे, दाराजवळ, पिशवी पोटाशी घट्ट धरून चौकटदादाची बायको उभी होती. हिला ती वहिनी म्हणायची.

चित्रात एक माणूस टेबलावर वाकून लाकडाला रंधा मारत होता. लाकडाची सालपटं, सरसाचं भांडं, बोटांच्या पेरांवरचे घट्टे, सगळं कसं समोर बसल्यासारखं. कानावर खोचतात तशी पेन्सिलही होती. कान तेवढा नव्हता. त्या जागी वहीचं एक पान चार टाचण्यांनी टाचलेलं होतं आणि पेन्सिल नुसतीच अधांतरी.

"बाई, सगळं झकास, पण कान कुठाय?" साहेबांनी बसल्या जागेवरून विचारलं. "ऐन वेळी रंग संपला की काय?"

सभागृह हसलं. तिनं पदराला हात पुसले.

"मुद्दाम सोडलाय, साहेब. जेव्हा सोडायला हवा होता, तेव्हा सोडला नाही."

साहेबांचं हसू ओठांवर तसंच राहिलं. डोळ्यांतून मात्र उतरलं.

"हे आमचे चौकटदादा," ती लोकांकडे वळून म्हणाली. आवाज इतका हळू की मागचे लोक पुढे सरकले. "माझ्या प्रत्येक चित्राला चौकट यांचीच. दर आठवड्याला घरी येऊन मापं घ्यायचे. यांचा उजवा कान वर दुमडलेला आहे, वाचता वाचता पुस्तकाचं पान दुमडावं तसा. त्यामागे कायम पेन्सिल. मी तो कान इतक्या वेळा पाहिला, की तो माझ्या हातात येऊन बसला, आणि मला त्याचा पत्ताच नाही."

ती थांबली. दाराजवळच्या वहिनींकडे तिनं एकदा पाहिलं.

"पाच महिन्यांपूर्वी औषधाच्या दुकानाच्या राखणदाराला कुणीतरी मारलं. दुकानातल्या बाईंनी मारणाऱ्याला ओझरतं पाहिलं. कपाळ सांगितलं, नाक सांगितलं, हनुवटी सांगितली. कान टोपीखाली होते. मी तसं लिहिलं. पण वरिष्ठ मला म्हणाले, कानाशिवाय माणूस कसा दिसेल, काढा एखादा."

"बाई," साहेब म्हणाले, "हे चित्राबद्दल चाललंय ना?"

"चित्राबद्दलच बोलतेय, साहेब. मी एखादा कान काढला. तो यांचा निघाला. चित्र भिंतीभिंतीवर लागलं, लोकांनी कान ओळखला आणि यांना उचललं. ओळख पटवायला बोलावलं, तेव्हा दुकानातल्या बाई आधीच माझं चित्र पाहून आल्या होत्या. म्हणाल्या, हाच."

आता कुणी हसत नव्हतं.

"मी त्यांना तुरुंगात भेटायला गेले. मला वाटलं, चार शिव्या देतील. तर जाळीपलीकडून म्हणाले, 'ताई, मला काय सांगता? मी तिथे नव्हतो हे मला ठाऊकच आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा.' मी म्हणाले, सांगते. मग हे चित्र काढायला घेतलं. कान सात वेळा काढला, सात वेळा खरवडला. आठव्यांदा हे पान लावलं."

साहेब उठून चित्रापाशी आले. पानावरची ओळ त्यांनी वाचली. 'कान: दिसले नाहीत. टोपी होती.' खाली तारीख, साक्षीदाराची सही.

"हे पान माझ्याकडे द्या," ते दबक्या आवाजात म्हणाले. "वही ऑफिसची आहे."

"वही माझी आहे, साहेब. ऑफिस फक्त उजवं पान घेतं. हे डावं तुम्हाला दोनदा दाखवलं होतं. दोन्ही वेळा म्हणालात, फाइल बंद झाली."

"अकरा वर्षांची चित्रं आहेत तुमची. हा एक कान खोटा निघाला, की सगळेच तपासायला निघतील. कळतंय का?"

तिला कळत होतं. तरी ती म्हणाली, "तपासू देत."

साहेबांनी पहिल्या टाचणीला हात घातला. तेवढ्यात मागून वाट काढत वहिनी आल्या आणि चित्राला पाठ लावून उभ्या राहिल्या. साहेबांनी सभागृहाकडे पाहिलं. सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते. हात खाली आला.

तिनं घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं. तिनं चित्राची एक बाजू धरली आणि ते खिळ्यावरून उचललं.

"अहो, प्रदर्शन आठ दिवस आहे!" व्यवस्थापक बाई धावत आल्या. मग दोघींच्या चेहऱ्यांकडे बघून त्या दाराकडे वळल्या आणि त्यांनी दाराची अडकवलेली दुसरी फळीही उघडली. एका फळीतून ती चौकट मावली नसती.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं. दोघी दोन बाजूंनी चित्र धरून चालू लागल्या.

"ताई, तुमच्याकडचा खालचा कोपरा जपा," वहिनी म्हणाल्या. "तीन कोपरे ह्यांनी उचलून नेण्याआधी केलेत. तो माझा आहे, कच्चा आहे."

तिनं हात त्या कोपऱ्याखाली नेला, आणि दोघी कोर्टाच्या रस्त्याला लागल्या.