सुगंधाचा नायटा आणि माझा एक डोळा

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. डोळा एकच, पण मित्रांनो, त्याला जे दिसते ते दोन डोळ्यांच्या माणसांना दिसत नाही! अंबाल्याच्या कारखान्यात मी घडलो आणि १९६३ साली पालघरला, डॉक्टर दिनानाथांच्या दवाखान्यात दाखल झालो.

एके दिवशी सातपाटीची सुगंधा आली. ती मासे विकायची आणि दोन्ही हातांवर नायटा. ते हात पाहून गिऱ्हाईक मासे न घेताच पुढे जात असे. असेच चालले तर बाजारातली जागा सोडावी लागेल, म्हणून ती रडकुंडीला आली होती. उपायही तिने घरचाच केला होता. मिठात मासा कुजत नाही, मग नायटा कसा टिकेल, म्हणून रोज मीठ चोळत होती! कातडी सोलवटली, नायटा मजेत वाढला.

डॉक्टरांनी नायट्याची कड हलकेच खरवडली, निघालेला कोंडा काचेवर घेऊन त्यावर रसायनाचा थेंब टाकला आणि ती काच माझ्याखाली ठेवली. मी बुरशीचे बारीक, फांद्या फुटलेले धागे दाखवले. सुगंधाने डोळा लावला.

"आमचा मासं पकडायचा जालाच हाय ह्यो," ती म्हणाली.

नायट्यावर नवीन गोळ्या निघाल्या होत्या, त्या डॉक्टरांनी दिल्या. सहा आठवडे रोज जेवणानंतर घ्यायच्या, हात कोरडे ठेवायचे. पण तिसऱ्या आठवड्यात खाज थांबली आणि घरचे म्हावरे वाटावे तशा उरलेल्या गोळ्या तिने नायटा झालेल्या जावेला, मैनाबाईला वाटल्या! महिन्याभराने दोघी नायट्यासकट हजर. डॉक्टर हसले. गोळी बुरशीची वाढ रोखते, खालून निरोगी कातडी यायला वेळ लागतो, हे त्यांनी समजावले. या वेळी दोघींनी आपापल्या गोळ्या पुऱ्या केल्या. शेवटची काच मी तपासली, एकही धागा नव्हता. मला फार आनंद झाला. सुगंधाची पाटी पुन्हा रिकामी होऊ लागली.

पुढे एका पावसाळ्यात डॉक्टर गावी गेले आणि मी दमट पेटीत कोंडला गेलो. परत आल्यावर त्यांना माझ्यातून धुरकट दिसू लागले. त्यांनी भिंग काढून उजेडात धरले. पापलेट घेऊन आलेली सुगंधाही वाकली. भिंगावर बारीक धागे पसरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"डाक्टर, ह्यालाच नायटा झालाय," ती म्हणाली. "मीठ नका चोळू हां."

डॉक्टरांनी भिंग पुसले आणि मला कोरड्या, हवेशीर कपाटात ठेवले. मित्रांनो, वापरून झाल्यावर मलाही कोरडे ठेवत जा. आणि खाज थांबली म्हणून औषध सोडू नका. बुरशी आपल्याला फसवते. मी तर तिला रोज पाहत होतो, तरी मला फसवून गेली.